आधी पैसे मागणारा पंप

व्हँकुव्हरच्या परिसरात गाडीत पेट्रोल भरायला थांबलं की त्याची गाठ पडतेच. माणसाच्या उंचीचा, चौकोनी, थोराड. छातीवर छोटा पडदा, त्याखाली कार्डाची खाच, कमरेला अडकवलेली नोझलं. आपल्याकडे पंपावरचा माणूस ‘झिरो बघा’ म्हणतो, पेट्रोल भरतो आणि मग पैसे घेतो. इथे बहुतेक पंपांवर भरून द्यायला कुणी येत नाही. नोझल आपणच धरायचं आणि त्याआधी याची अट पाळायची : पैसे आधी.

कार्ड घातलं की तो कितीचं भरायचं, असं विचारतो, तेवढी रक्कम बँकेत अडकवून ठेवतो आणि मगच पेट्रोल सोडतो. जेवढं भरलं तेवढ्याचेच पैसे घेतो. उरलेली रक्कम मोकळी व्हायला कधी एक-दोन दिवस लागतात आणि नवखा माणूस धास्तावतो.

रोखीने व्यवहार असेल तर दुकानात जायचं, काउंटरवर नोटा ठेवायच्या आणि ‘चार नंबर, चाळीस डॉलर’ एवढं सांगायचं. मग त्याचं काम पाहावं. खटका दाबला की पडद्यावरचे आकडे सुसाट पळतात. चाळीस जवळ आले की तो आपणहून धार बारीक करतो, शेवटचे सेंट सावकाश मोजतो आणि ४०.०० वर थांबतो. टाकी त्याआधीच भरली, तर उरलेले पैसे काउंटरवर परत मिळतात. हिशेबाला एकदम चोख.

लोक त्याला संशयी म्हणतात. पण पूर्वी तो असा नव्हता. लोक आधी टाकी भरायचे, मग आत जाऊन पैसे द्यायचे. काही जण न देताच पळ काढायचे. मार्च २००५मध्ये व्हँकुव्हरजवळच्या मेपल रिज इथल्या एका पंपावर रात्रपाळीला असलेला ग्रँट डी पॅटी हा २४ वर्षांचा तरुण अशीच एक गाडी अडवायला गेला. गाडी चोरीची होती, चालवणारा १६ वर्षांचा मुलगा. ग्रँट गाडीखाली सापडला आणि सुमारे साडेसात किलोमीटर फरफटत गेला. त्यातच तो गेला. बुडालेलं पेट्रोल होतं १२ डॉलर ३० सेंटचं.

ग्रँटच्या आईवडिलांनी सरकारचा पिच्छा पुरवला. २००८पासून व्हँकुव्हर ज्या प्रांतात आहे, त्या ब्रिटिश कोलंबियात पेट्रोलचे पैसे आधी घेणं सक्तीचं झालं. असा नियम करणारा हा कॅनडातला पहिला प्रांत. तिथे या नियमाला ‘ग्रँटचा कायदा’ म्हणतात. शेजारच्या अल्बर्टात आणखी कामगारांचे जीव गेले, तेव्हा कुठे जून २०१८मध्ये तिथेही सक्ती आली.

हा इतिहास कळला की पंपाच्या हटवादीपणाचा राग येत नाही. काचेमागे रात्रभर एकट्याने बसणाऱ्या माणसाला बाहेर धावायची वेळच येऊ नये, म्हणून तो अडून बसतो. पैशाचा वाद तो स्वतःच्या अंगावर घेतो.

परदेशी शिकायला गेलेली आपली मुलंही पंपांवर रात्रपाळ्या करतात आणि पैसे आधी घ्यायची सक्ती सगळीकडे नाही. घरच्यांनी फोनवर त्यांना एवढं जरूर बजावावं : पैसे बुडाले तर बुडू देत, गाडीचा नंबर टिपून घ्या, पोलिसांना कळवा, पण गाडीमागे धावू नका.