मस्टरवरचं नाव

घराण्यातल्या कुणाचं तरी नाव जुन्या पलटणीच्या मस्टरवर सापडलं की लोक हरखून जातात. पण खरा प्रश्न तिथूनच सुरू होतो. हा माणूस त्या यादीत गेला कसा?

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता टेक्सासमध्ये असते. तिच्या शेजारी एक कृष्णवर्णीय आजी राहतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या खानदानाचा शोध सुरू केला. खापरपणजोबांचं नाव सापडलं १८६१च्या एका पलटणीत, आणि ती पलटण दक्षिणेच्या बाजूची निघाली. म्हणजे गुलामगिरी टिकवायला निघालेल्यांची. आजींनी शोधच थांबवला. विद्यार्थिनीचा मला फोन आला, "आपा, तुम्ही लोकांना जुनी कागदं वाचून देता. याचा अर्थ काय लावायचा?"

मी वाचून देते ती निजामाच्या काळातली उर्दू कागदं. कुणाचा जमिनीचा उतारा, कुणाच्या शाळेचं रजिस्टर. अमेरिकेच्या यादवी युद्धाशी माझा संबंध बीएडला वाचलेल्या दोन पानांपुरता. पण उन्हाळ्याची सुट्टी होती. वाचत गेले.

न्यू ऑर्लिन्स हे लुइझियाना राज्यातलं मोठं बंदर. १८६०च्या सुमारास तिथं दहा हजारांवर असे कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय लोक होते, जे गुलाम नव्हते. बहुतेक फ्रेंच बोलणारे, कॅथलिक. गवंडी, सुतार, शिंपी, सिगार वळणारे. काहींची स्वतःची घरं होती, काहींच्या पदरी तर गुलामही होते. मताचा हक्क मात्र एकालाही नव्हता. १८६१मध्ये युद्ध पेटलं तेव्हा त्यांच्यातल्या शेकडो पुरुषांनी शहराच्या रक्षणासाठी पलटण उभी केली. नाव, नेटिव्ह गार्ड्स. गव्हर्नरनं ती राज्याच्या मिलिशियात घेतली, पण बंदुका दिल्या नाहीत की गणवेश दिला नाही. ज्यानं त्यानं पदरचे पैसे घातले. संचलनात त्यांना मिरवलं, लढाईला कधी पाठवलं नाही. १८६२च्या सुरुवातीला कायदेमंडळानं मिलिशिया फक्त गोऱ्यांची, असा कायदा केला. एप्रिलमध्ये उत्तरेचं आरमार नदीतून शहरापाशी आलं आणि ही पलटण संपली.

मग हे लोक गेले कशाला? कारणं एकात एक गुंतलेली आहेत. घरदार वाचवायचं होतं. निष्ठा दाखवली नाही तर आहे तेवढं स्वातंत्र्यही जाईल, ही भीती होती. १८१५मध्ये त्यांच्या बापजाद्यांनी याच शहरासाठी इंग्रजांशी लढाई केली होती, त्याचा अभिमान होता. काहींनी पुढे सांगितलं, नाही म्हणायची सोयच नव्हती. मस्टरवर यातलं काहीही नसतं. मस्टरवर फक्त नाव असतं.

आणि त्याच्या पुढचं पानही असतं. २७ सप्टेंबर १८६२ला उत्तरेच्या सैन्यानं त्याच शहरात, त्याच नावाची नवी पलटण उभारली. जुन्यातले थोडेच तिच्यात आले, बाकी भरणा मळ्यांवरून पळून आलेल्या गुलामांचा. आंद्रे कायू जुन्यातला. जन्मानं गुलाम, पुढे मुक्त झालेला, सिगार वळणारा. नव्या पलटणीत तो कॅप्टन झाला. २७ मे १८६३ला पोर्ट हडसनच्या तटबंदीवर चाल करताना तो पडला. त्याचं प्रेत कित्येक आठवडे रणांगणावरच राहिलं. जुलैअखेर न्यू ऑर्लिन्समध्ये त्याचा दफनविधी झाला तेव्हा रस्त्यांवर माणसं मावली नाहीत. पहिल्याच यादीवर थांबणाऱ्याला हा माणूस गद्दार दिसेल.

शोधही सोपा नाही. १८६३मध्ये पलटणीचं नाव बदललं, १८६४मध्ये पुन्हा बदललं. फ्रेंच नावं इंग्रज कारकुनानं कानाला लागली तशी लिहिली. आपल्याकडे एकाच घरातले शेख, सेख आणि शेक असतात, तसंच. गुलामांचं तर आणखी अवघड. १८६०च्या जनगणनेत मालकाचं नाव आहे, गुलामाचं फक्त वय, लिंग आणि रंग. बहुतेकांचं नाव पहिल्यांदा येतं ते १८७०च्या जनगणनेत. म्हणून शोधणारे पेन्शनच्या फायलींकडे जातात. गुलामांच्या लग्नाला कायद्यात जागा नव्हती, मग विधवेनं पुरावा कुठून आणायचा? शेजाऱ्यांच्या, नवऱ्याच्या सोबत्यांच्या साक्षी घेतल्या गेल्या. कोण कुणाच्या मळ्यावर होतं, लग्न कुणी लावलं, मुलं किती. माणसं बोलतात ती या फायलींत.

एक गोष्ट वाचून मात्र थांबावं लागलं. उत्तरेच्या कृष्णवर्णीय सैनिकांचा फिलाडेल्फियातला एक फोटो आहे. त्यातला गोरा अधिकारी कापून कुणीतरी त्याला 'लुइझियाना नेटिव्ह गार्ड्स १८६१' असं नाव दिलं आणि फिरवला. का, तर कृष्णवर्णीय लोक दक्षिणेसाठी खुशीनं लढले हे दाखवायला. अभ्यासकांनी मूळ फोटो समोर ठेवून ही बनवाबनवी उघड केली. म्हणजे खापरपणजोबांच्या नावावर आज कोण काय खपवतंय, हेही बघावं लागतं.

हे वाचताना मी एकीकडे आमच्या घराचा विचार करत होते. मराठवाड्यात दर १७ सप्टेंबरला झेंडावंदनानंतर चहा होतो. त्या चहावर मला कधी हसत, कधी न हसता विचारलं गेलंय, "मॅडम, तुमचे आजोबा रझाकार होते का हो?"

माझे दादा पिंजारी. कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. दादी सांगायची, एके दिवशी चावडीवर बस्तीतल्या सगळ्या जवान पोरांची नावं लिहून घेतली, त्यात दादांचंही लिहिलं. चार रात्री त्यांनी काठी घेऊन गस्त घातली, पाचव्या रात्री ते मामांच्या गावी निघून गेले. तो कागद कुठं असेल तर त्यावर दादांचं नाव आहे. पाचवी रात्र त्या कागदावर नाही.

रझाकारांनी जुलूम केले, हे खरं आहे. ते मी वर्गात तसंच शिकवते. त्यांच्याविरुद्ध लिहिणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८मध्ये हैदराबादेत खून झाला, हेही शिकवते. आणि पोलीस ॲक्शननंतर गावोगावी निरपराध मुसलमान मारले गेले, त्याची चौकशी करायला पंडित सुंदरलाल यांची समिती आली होती, हेही. तिन्ही गोष्टी एकाच फळ्यावर मावतात.

विद्यार्थिनीला मी सांगितलं, आजींना म्हणावं शोध थांबवू नका, १८६२ नंतरच्या याद्या बघा, पेन्शनची फाइल मागवा. दुसऱ्या यादीत नाव निघालं तर छानच. नाही निघालं तरी तो माणूस गुलामगिरीसाठीच गेला होता, असं ठरत नाही. तसा तो नायकही ठरत नाही. नायक करण्याची घाईही नको.

तुमच्या घरात त्या काळातलं कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसा, विचारा, लिहून ठेवा. माझ्या दादीची पाचवी रात्र आता तिच्या शब्दांत माझ्या वहीत आहे. तारीख तिला आठवत नव्हती. पाऊस होता, एवढं आठवत होतं.