लुगड्याचा पट्टा

रस्त्यात बंद पडलेल्या मोटारीइतकी केविलवाणी वस्तू दुसरी नसेल. क्षणापूर्वी धुळीचे लोट उडवीत जी तोऱ्याने चालली होती, तिच्या चाकाच्या सावलीला आता एखादे कुत्रे येऊन निजते. आणि ज्या गाडीवानाला तिने मघाशी भोंगा वाजवून दचकविले, तोच आपल्या संथ बैलांमागे बसून तिला मागे टाकतो. आपल्याकडे मोटार बंद पडली की पाच मिनिटांत दहा माणसे भोवती जमतात. त्यांतली आठ सल्ला देतात, एकजण धक्का द्यायला सरसावतो, आणि एखादाच मुकाट्याने आपल्याजवळची दोरी सोडून देतो. मला येथे त्या दोरी देणाऱ्याविषयी आणि त्याच्यासारख्यांविषयी लिहायचे आहे.

जुन्या मोटारींचे यंत्र साधे असे. झाकण उघडले की कोणता भाग कशासाठी आहे, हे जाणत्याला नुसत्या डोळ्यांनी दिसे. म्हणूनच वाटेत काही मोडले, तर त्या भागाचे काम दुसरी कोणती वस्तू करील, एवढाच प्रश्न उरे. पायाने वेग वाढविण्याची तार तुटली, तर तिच्या जागी सुतळी बांधून ती हाताने ओढीत माणसे घरी पोचत. पेट्रोलची टाकी ठिबकू लागली, तर साबण मळून छिद्रात दाबून बसवीत. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून तो टिके. उन्हाळ्यात नळीतल्या पेट्रोलची वाफ होऊन ते पुढे सरकेनासे झाले, तर पंपावर ओले फडके गुंडाळीत. फडक्यातले पाणी उडून जाताना पंपाची उष्णता घेऊन जाई आणि गाडी पुन्हा चालू होई. माठातले पाणी गार होते ते याच न्यायाने.

या कलेचे प्रत्यक्ष दर्शन मला १९७४ सालच्या मे महिन्यात घडले. मी तेव्हा सहावीची परीक्षा दिली होती. परभणीला आजीच्या एका डोळ्यातील मोतीबिंदू काढला होता. आज ही शस्त्रक्रिया झालेला माणूस बहुधा त्याच दिवशी घरी येतो. त्या काळी मात्र रोग्याला कित्येक दिवस उताणे पडून राहावे लागे, आणि घरी आल्यावरही वाकायचे नाही, ओझे उचलायचे नाही, डोक्याला हिसका बसू द्यायचा नाही, असे कडक निर्बंध असत. आजीच्या एका डोळ्यावर पट्टी होती आणि दुसऱ्यातही मोतीबिंदू उतरलेला होता. त्यामुळे तिला दिवस आहे की रात्र, याहून फारसे काही कळत नव्हते. एस. टी.च्या धक्क्यांतून तिला नेणे शक्य नव्हते, म्हणून जिंतूरच्या एका व्यापाऱ्याने आपली जुनी मोटार आणि ती चालविणारे चाचा यांना आमच्यासाठी पाठविले. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, ते शिक्षक होते. त्यांच्या एका शब्दावर गावात एवढे काम होई.

परभणीहून जिंतूरला जाणारा रस्ता झरी, बोरी या गावांवरून जातो. दोन्ही बाजूंना काळी कसदार जमीन आहे. पावसाळा सरला की कापूस आणि ज्वारी यांनी ती भरून जाते. पण मे महिन्यात तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात रस्त्यांची पुष्कळ कामे निघाली होती. तेव्हा फोडलेल्या खडीचे ढीग त्या वेळीही कोठे कोठे कडेला पडलेले दिसत. बोरी मागे टाकल्यावर एका अशाच ढिगाजवळ समोर काही तरी फटकन वाजले. चालकापुढचा तांबडा दिवा लागला आणि थोड्याच वेळात झाकणाच्या फटींतून वाफ येऊ लागली. चाचांनी गाडी एका कडुनिंबाखाली घेतली आणि यंत्र बंद केले. जिंतूर अजून चार कोस दूर होते.

"पट्टा गेला, गुरुजी," ते म्हणाले.

अण्णा रेडिएटरची टोपी उघडू लागताच चाचांनी त्यांचा हात धरला. टोपी बंद असते तेव्हा आतल्या पाण्यावर दाब असतो, आणि दाबाखालचे पाणी १०० अंशांच्या वर तापले तरी उकळत नाही. टोपी उघडली की दाब जातो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती उघडणाऱ्याच्या तोंडावर येते. पुढे छागल लटकत होती. पण तिच्यातले गार पाणीही चाचांनी लगेच ओतले नाही. तापलेल्या बिडाच्या यंत्रात एकदम गार पाणी पडले, तर बीड तडकते. तेव्हा नुसते बसून राहणे हेच पहिले काम होते. त्या अवधीत एक एस. टी. आली, पण आत पाय ठेवायला जागा नव्हती. आणि जागा असती तरी आजीला तिच्यात चढविता आले नसते.

"काय झालंय ते मला कुणी सांगंल का?" मागच्या आसनावरून आजी म्हणाली.

हे काम माझ्याकडे आले. मी झाकणाखाली पाहून यायचे, चाचांना विचारायचे आणि आजीला सांगायचे, असे सुरू झाले. मी तिला सांगितले, की यंत्राच्या पुढे एक कप्पी आहे. ती यंत्राबरोबर फिरते. तिच्यावरून एक पट्टा वरच्या दुसऱ्या कप्पीवर जातो. तिच्यावर पंखा आणि पाणी फिरविणारा पंप आहे. कडेला तिसरी कप्पी डायनॅमोची. तो वीज तयार करतो. पट्टा तुटल्यामुळे तिन्ही कामे थांबली, पण यंत्रातली आग मात्र चालूच राहिली, म्हणून पाणी उकळले.

आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे चरख्याची माळ तुटली म्हण की."

तिने तरुणपणी पुष्कळ सूत कातले होते. चरख्याच्या मोठ्या चाकावरून दोऱ्याची माळ चातीवर जाते आणि तिला फिरविते. मोटारीच्या पोटातही तेच चालते, हे अण्णांच्या किंवा माझ्या लक्षात आले नव्हते.

इतक्यात ज्वारीची पोती घेऊन एक बैलगाडी आली. गाडीवानाने काही न विचारता आत डोकावले, आपल्या जवळचा जादा कासरा काढला आणि चाचांपुढे धरला. चाचांनी तो कप्प्यांवरून घेऊन गाठ मारली आणि यंत्र सुरू केले. कासरा दोन क्षण फिरला. मग गाठ कप्पीवर आपटली आणि तो उडून पंख्यात अडकला. पंख्याचे पाते वाकले नाही, हे दैवच म्हणायचे.

"गाठ मोठी झाली असंल," आजी आतून म्हणाली. "माळेची गाठ मोठी असली की चाती उड्या मारती. गाठ नको. शिवा."

चाचांनी तिच्या बोलण्यात आणखी एक भर घातली. कप्पीची खाच वर रुंद आणि खाली निमुळती असते. पट्टा तिच्या तळाला टेकत नाही. दोन्ही बाजूंना घट्ट दाबून बसतो आणि त्या दाबामुळेच फिरतो. कासरा बारीक पडल्याने तळाशी जाऊन घसरत होता. जाड, मऊ आणि न निसटणारे काही तरी हवे होते.

आजीने आपले गाठोडे मागविले. त्यात तिचे एक जुने लुगडे होते आणि अण्णांनी ती घरी जाणार म्हणून परभणीला घेतलेले एक नवे. अण्णा जुने फाडायला निघाले, तशी तिने ते हातावरूनच ओळखून परत घेतले. "जुनं तुटंल. नवं घ्या. काठाकाठानं फाडा, काठाची वीण दाट असती." अण्णा घुटमळले. ते लुगडे तिने अजून पाहिलेही नव्हते, नुसते हाताने चाचपले होते.

"कोणत्या रंगाचं आहे रे?" तिने मला विचारले.

"हिरवं. काठ तांबडा आहे."

"बरं. फाडा."

चाचांनी सुतळीने तिन्ही कप्प्यांभोवतीचे माप घेतले. आजीने ते चार बोटे आखूड करविले, कारण सूत ताणले की लांबते. मग काठाच्या तीन पट्ट्या करून ती तीन पेडांची वेणी घालू लागली. वेणीला डोळ्यांची गरज नसते. घराघरांतल्या आया बोलता बोलता ती घालतात. गाडीवानाजवळ पोती शिवण्याचे दाभण होते. त्यात मी सुतळी ओवून दिली. वेणीची दोन टोके एकमेकांवर वीतभर ठेवून आजीने ती एकजीव शिवली. दर टाक्याला ती आधी बोटाने जागा पाही आणि मग दाभण घाली. गेले पंधरा दिवस तिला हात धरून उठवीत होते, भरवीत होते. या अवधीत मी तिला प्रथमच कोणाला हुकूम करताना ऐकले. चाचांनी डायनॅमोचा खिळा सैल करून तो आत ढकलला, वेणी कप्प्यांवर चढविली, आणि लाकडाने डायनॅमो बाहेर रेटून ती ताठ केली. यंत्र गार झाले होते. छागलीतले पाणी आत गेले. पंखा फिरू लागला.

पुढे मोठेपणी मी बर्था बेन्झ या जर्मन बाईंची हकीकत वाचली. त्यांचे पती कार्ल बेन्झ यांनी आपल्या तीन चाकी मोटारीच्या पेटंटसाठी २९ जानेवारी १८८६ रोजी अर्ज केला होता. परंतु तिच्यावर लोकांचा विश्वास बसत नव्हता. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्थाबाई पतीला न कळविता मोटार घेऊन निघाल्या. सोबत ऑयगेन आणि रिचर्ड हे १५ व १३ वर्षांचे दोन मुलगे होते. मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंतचा हा मार्ग १०० किलोमीटरांहून थोडा अधिक भरला. मोटार दुरुस्त करणारा माणूस त्या वाटेवर मिळणे शक्यच नव्हते, कारण मोटारीच नव्हत्या! इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीला लावण्याच्या लांब टाचणीने मोकळी केली. विजेच्या तारेचे वेष्टन झिजले, तेथे पायमोजा वर धरून ठेवणारा आपला पट्टा गुंडाळला. इंधन संपत आले, तेव्हा वीसलोख गावी औषधांच्या दुकानातून डाग काढण्याचे द्रव्य विकत घेतले. ब्रेकचे लाकूड झिजले, तेव्हा एका मोच्याकडून त्यावर कातडे ठोकून घेतले. चढावर मुलांनी गाडी ढकलली. ही हकीकत वाचताना मला बोरीपुढचा तो कडुनिंब आठवला, यात नवल नाही.

मात्र त्यांची मोटार ताशी १६ किलोमीटरांपलीकडे जात नसे, हे ध्यानात ठेवावे. ब्रेकच्या बाबतीत चाचांचा नियम निराळा होता. त्या दिवशी हळूहळू गाडी चालविताना त्यांनी तो मला सांगितला : "गाडी चालत नाही, त्याला वाटेत इलाज करावा. गाडी थांबत नाही, त्याला वाटेत इलाज करू नये." तुटलेला पट्टा पुन्हा तुटला, तर गाडी उभी राहील, एवढेच होईल, पण ब्रेक किंवा दिशा देणारे चक्र सुतळीने बांधून पुढे जाणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळणे. विजेची संरक्षक तार जळली म्हणून तिच्या जागी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद बसविणारे लोकही मी पुढे पाहिले. त्याने दिवे लागतात खरे; परंतु ती तार जळते तीच आग लागू नये म्हणून. अशा चातुर्याचे कौतुक करू नये. आजच्या बहुतेक मोटारींत तर लुगड्याच्या पट्ट्याचाही उपयोग होणार नाही. त्यांचे पट्टे रुंद, अनेक खाचांचे आणि नेमक्या ताणाचे असतात, आणि कित्येकींचा पंखा स्वतंत्र विजेवर फिरतो. तेथे गाडी कडेला घेऊन, धोक्याची खूण लावून, मदतीला फोन करणेच बरे.

चार कोसांना आम्हांला सूर्यास्त झाला. चाचा थोडे अंतर गेले की थांबत, पट्ट्याला हात लावून पाहत आणि सैल वाटला की पुन्हा ताणीत. पहिली वेणी कोस-दीड कोसावर तुटली. तोपर्यंत आजीने मागे बसून दुसरी तयार ठेवली होती. ती तुटली तेव्हा तिसरी. चौथीसाठी लुगड्याचा काठ उरला नव्हता. पण चौथीची गरज पडली नाही. दिवे लावल्याने वीज अधिक खर्च होते, म्हणून शेवटचा टप्पा आम्ही अंधूक उजेडात, पायी चालणाऱ्याच्या वेगाने पार केला. आजीच्या डोळ्यात औषध घालायची वेळ मात्र टळली नाही.

तिसरी वेणी चाचांनी दुसऱ्या दिवशी आणून दिली. आईने ती खुंटीला अडकवून ठेवली.

जुलैमध्ये आजीला जाड भिंगांचा चष्मा मिळाला. तिने आधी मला जवळ घेऊन पाहिले, मग अण्णांकडे, मग उंबऱ्याकडे. नंतर म्हणाली, "तो पट्टा आण बरं." मी तो काढून दिला. तेल आणि धूळ बसून तो काळाकुट्ट झाला होता. आजीने तो भिंगांजवळ धरला आणि शिवणीवरून बोट फिरविले.

"टाके वाकडे पडले," ती म्हणाली. "दुसरा चांगला झाला होता."

दुसरा तर वाटेतच तुटून पडला होता. तिने मग नखाने वेणीचा एक पेड हळूच उकलला. आत तेल पोचले नव्हते. तिथे पाहून ती म्हणाली, "तांबडाच आहे की," आणि पट्टा पुन्हा खुंटीला अडकवायला माझ्याकडे दिला.