बागेच्या बैठकीला कोण होतं?

आधी माझीच चूक सांगतो.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या कॉलनीतल्या ओपन स्पेसवर बाग करायची म्हणून बैठक झाली. मी बातमी दिली, ‘नागरिकांच्या सहभागातून साकारणार उद्यान’. बैठक मंगळवारी सकाळी अकराला होती. हजर माणसं चौदा, बहुतेक रिटायर्ड. बाई एकच, तीही चहा घेऊन आलेली. हे मी बातमीत लिहिलं नाही.

आराखड्यात कंपाउंड वॉल, कारंजं, लॉन, पेव्हिंग ब्लॉक आणि सेल्फी पॉइंट. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

गेल्या आठवड्यात तोच नकाशा घेऊन तीन संध्याकाळी तिथल्या कडुलिंबाखाली उभा राहिलो. शेजारच्या काकू म्हणाल्या, "भाऊ, कारंजं कशाला? नळाला पाणी येतं चार दिवसाआड. दिवे लावा, बायकांसाठी संडास बांधा." क्लासवरून येणाऱ्या मुली म्हणाल्या, "काका, भिंत उंच नको. रस्त्यावरून आतलं दिसलं पाहिजे, नाहीतर घरचे पाठवणार नाहीत." एका आजोबांनी गेटच्या पायऱ्यांवर बोट ठेवलं, "इथं वॉकर कसा चढवू?" पोरांचं एकच, "लॉन केली की आम्हाला हाकलणार ना?"

आणि तो कडुलिंब? दुपारी रिक्षावाले त्याच्या सावलीत डबा खातात. नकाशात तो नव्हताच. त्या जागी कारंजं होतं.

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत बागा-मैदानं ही नगरपालिकांची कामं म्हणून लिहिलेली आहेत. पुण्यात २००६ पासून नागरिक महापालिकेच्या बजेटसाठी कामं सुचवतात. २००९ साली राज्यानं कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. वीस वर्षं बातमीदारी करतोय, आपल्या गावात क्षेत्रसभा एकदाही पाहिली नाही. आपण मागितलीही नाही, हेही खरं.

जागा बारा गुंठे. सगळ्यांचं सगळं मावणार नाही. आजोबांना शांतता हवी, पोरांना क्रिकेट. पण भांडायचं ते आत्ता, कागदावर. काँक्रीट पडल्यावर फक्त चिडचिड उरते.

वर्क ऑर्डर अजून निघालेली नाही. रविवारी संध्याकाळी सहाला कडुलिंबाखाली या. येताना घरातल्या बायका-पोरांना, म्हाताऱ्यांना आणा. नकाशा आणि स्केचपेन मी आणतो. जे ठरेल त्यावर सह्या करून निवेदन मुख्याधिकाऱ्यांना देऊ.

या वेळी किती जण आले, त्यात बायका किती, तेही बातमीत लिहीन.