नाताळचे ताट : घरचे आणि विकतचे

आगमनकाळ सुरू झाला की आम्ही धर्मग्रामातील घरांना भेटी देत फिरतो. ह्या दिवसांत प्रत्येक स्वयंपाकघरातून एकच खल चाललेला कानी येतो. नारळ किती लागतील, माडाचा गूळ गोव्याहून कोण आणणार, नेवऱ्या कोणत्या दिवशी तळायच्या. गेल्या वर्षी मात्र एका घरी निराळाच प्रश्न आमच्यापुढे आला. घरधनी जहाजावर, सासू पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली, दोन मुले शाळेत जाणारी आणि बाई स्वतः सकाळी आठच्या ठोक्याला कामावर निघणारी. ती म्हणाली, "फादर, यंदा आम्ही कोणाकडे ताट पाठवणार नाही. दोदोल नि बेबिंका, दोन्ही बेकरीतून आणावी लागणार. विकतचे जिन्नस दुसऱ्याच्या घरी कसे पाठवायचे? सासूबाईंनी असे कधी केले नाही."

तिच्या बोलण्यात आळसाचा लवलेशही नव्हता, लाज होती. आणि त्या लाजेपायी वर्षानुवर्षे चालत आलेली शेजारपाजारची देवघेव त्या घरापुरती तुटू पाहत होती. गोव्यात ह्या देवघेवीला कोन्सुआद म्हणतात. आपल्या सीमाभागातही ती त्याच आवडीने पाळली जाते. म्हणून हा विषय वाचकांपुढे मांडावा असे आम्हांस वाटले.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की नाताळचे पदार्थ करणे म्हणजे पोरखेळ नव्हे. दोदोलासाठी नारळ खवून त्याचा रस काढायचा, त्यात तांदळाचे पीठ व काळा गूळ कालवायचा आणि मंद विस्तवावर तासन्‌तास ढवळत राहायचे. हात थांबला की तळ करपलाच म्हणून समजावे. बेबिंकेची तऱ्हा ह्याहून कठीण. अंड्यांचा पिवळा बलक, नारळाचा रस, साखर, मैदा व तूप एवढेच तिचे साहित्य. पण एक थर ओतून, वरून विस्तव देऊन तो भाजायचा, मग त्यावर दुसरा, आणि असे निदान सात थर. आमच्या बालपणी आमच्या घरी हे सारे होत असे. त्याची आठवण गोड आहे. परंतु त्याबरोबर आणखीही एक गोष्ट आठवते. मध्यरात्रीच्या मिस्सेला आमची आई बाकावर बसल्या बसल्या डुलक्या घेई. दोदोल आम्ही सर्वांनी खाल्ला. ढवळला मात्र तिने एकटीने. जुन्या दिवसांची थोरवी गाताना ही बाजू विसरता कामा नये.

कोणी म्हणेल, काही झाले तरी सणाचे अन्न घरचेच असावे. मग त्यांस आम्ही एक विचारतो : गोव्यातील ख्रिस्ती घरांत पाव कोण भाजतो? 'पाव' हा शब्दच मुळी पोर्तुगीज भाषेतून आला, आणि तो पाव पिढ्यान्‌पिढ्या पोदेराच्या भट्टीतून दारोदार येत आहे. नाताळच्या दिवशी घरच्या सोरपोतेलाबरोबर हा विकतचा पाव खाताना कोणाला कधी कमीपणा वाटला नाही. सान्नांचे पीठ माडाच्या सुरेने फुगवीत. ती सूरही रेंदेराकडून येई. आज पुष्कळ घरी सुरेऐवजी यीस्ट घालतात, एवढाच फरक. तेव्हा संपूर्णपणे घरचे असे ताट पूर्वीही नव्हते. बेबिंकेला 2023 साली भौगोलिक मानांकन मिळाले. आज ती गोव्यातील बेकऱ्यांत व दुकानांत सर्रास मिळते, आणि तीही कोणाच्या तरी हातांनीच थर चढवून तयार झालेली असते. आपण विकत घेतो म्हणजे कष्ट नाहीसे होत नाहीत. ते दुसऱ्या कोणीतरी केलेले असतात, आणि त्याचा योग्य मोबदला देणे ह्यात काहीही हीन नाही.

शुभवर्तमानातही विकतच्या अन्नाचा कोठे धिक्कार केलेला नाही. संत योहान चौथ्या अध्यायात सांगतो की प्रभू विहिरीपाशी बसला असताना शिष्य अन्न विकत आणावयास गावात गेले होते. त्याच शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात पुनरुत्थित प्रभूने किनाऱ्यावर विस्तव पेटवून मासळी व भाकर तयार ठेवली होती; तरीही त्याने शिष्यांना त्यांनी धरलेल्या मासळीतून काही आणावयास सांगितले. तयार अन्न होतेच. पण त्यांच्या हातचेही त्यात हवे होते. आम्हांस ह्या प्रसंगात आपल्या प्रश्नाचे उत्तर दिसते.

कारण दुसऱ्या बाजूलाही एक धोका आहे. अलीकडे काही घरी सारेच्या सारे ताट मागणी देऊन आणले जाते. प्लास्टिकचा कागद काढायचा की नाताळ झाला. ते ताट चवीला वाईट नसते, पण त्या घरातील मुलाला कुलकुल कसे वळतात हे ठाऊक नसते, आणि आईजवळ बसून पीठ मळताना ज्या गोष्टी कानी पडतात त्याही पडत नाहीत. शिवाय कित्येक घरे अशा ताटासाठी उसनवारी करतात, हे तर मुळीच इष्ट नव्हे.

म्हणून आमचे सांगणे असे की जे एकट्या बाईला रात्रभर जागवते ते खुशाल विकत आणावे. जे सर्वांना एकत्र बसवते ते घरी करावे. बेबिंका आणावी. दोदोल घरी करायचाच असेल तर नारळाचा तयार रस घ्यावा. निम्मे श्रम वाचतात. कुलकुल मात्र घरीच व्हावेत. मैद्याची लहान गोळी काट्याच्या पाठीवर किंवा स्वच्छ फणीवर दाबून वळायची, तळायची व साखरेच्या पाकात घोळायची. पाच वर्षांच्या मुलालाही हे वळणे जमते, आणि पदार्थ कित्येक दिवस टिकतो. विकतच्या जिनसांची तारीख तेवढी पाहून घ्यावी, कारण नारळाचे पदार्थ लवकर खवट होतात. आणि पुरुषमंडळींस एक विनंती : 'पूर्वीची चव राहिली नाही' असे म्हणण्याआधी खवणीवर बसून निदान दोन नारळ खवावेत.

त्या बाईला आम्ही एवढेच विचारले, "दिवाळीत शेजारच्या घरून तुमच्याकडे फराळ आला होता ना?" ती म्हणाली, "आला होता. चकली बचत गटाकडून घेतली असे शेजारीणबाईंनी सांगितले." "मग ती तुम्ही टाकून दिलीत काय?" ती हसली. पुढे त्या घरून ताटे गेली. बेबिंका बेकरीची होती. कुलकुल मुलांनी वळले होते, आणि त्यांच्या गोळ्या आजीने अंथरुणावर उशीला टेकून, डाव्या हाताने करून दिल्या होत्या. काही गोळ्या लिंबाएवढ्या, तर काही वाटाण्याएवढ्या निघाल्या.

वाचकहो, ताट स्वीकारणारा आपल्या दोदोलाची परीक्षा घेत नसतो; ह्या घराने आपली आठवण ठेवली, एवढेच तो पाहतो. पदार्थ विकतचा असेल तर तसे मोकळेपणाने सांगावे, त्यात लपवण्याजोगे काही नाही. पण विकतचा आहे म्हणून ताटच पाठवायचे नाही, असे कोणत्याही घरी होऊ नये. आणि ज्या घरी यंदा दुःख आहे, अडचण आहे, किंवा ज्या घरून ह्या वर्षी काहीच येणार नाही हे आपणांस ठाऊक आहे, त्या घरी ताट सर्वांत आधी जावे.