जॉबर गेला कुठे?

मुंबईच्या गिरणगावातल्या जुन्या माणसांशी बोलायला बसलं की भोंग्यापाठोपाठ जॉबरचा विषय निघतोच. जॉबर म्हणजे गिरणीतला मुकादम; खात्यातल्या माणसांची नोकरी त्याच्या हातात. लोक त्याला वचकून असत, माघारी शिव्याही घालत. पण तो समोर दिसायचा. फारच अंगावर आला, तर चार जण मिळून त्याला जाब विचारता येई. १८ जानेवारी १९८२ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा भांडण कोणाशी आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

रात्री साडेदहाला आमच्या सोसायटीच्या गेटवर पार्सल घेऊन उभा असलेला मुलगा कोणाला जाब विचारणार? त्याचा जॉबर बाइकच्या हँडलवर अडकवलेल्या मोबाइलमध्ये आहे. ‘हवं तेव्हा लॉगिन करा, तुम्हीच तुमचे मालक,’ असं सांगून त्याला कामाला लावलेलं असतं. सुट्टीला कोणी नाही म्हणत नाही. फक्त इन्सेंटिव्ह बुडतो. ऑर्डर नाकारायलाही बंदी नाही. फक्त पुढच्या ऑर्डर रोडावतात, असं ही मुलं सांगतात. पेट्रोल त्याचं, गाडीचा हप्ता त्याचा, घसरून पडला तर पायही त्याचाच. नवउदारमतवादाची करामत ती हीच: हुकूम सोडायचा नाही, नुसते दर हलवत राहायचं, माणूस आपणहून धावतो.

वर गॅलरीत आपण नकाशावरचा त्याचा ठिपका न्याहाळत असतो आणि उशीर झाला की तारे कापतो. पाळतीचं काम आपण फुकटात आणि हौसेनं करतो.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७मध्ये एकमतानं सांगितलं. पण लोकेशन बंद केलं की ज्याची रोजीच बंद होते, त्यानं हा हक्क बजावायचा कसा?

नीती आयोगाच्या अंदाजानुसार २०२०-२१मध्ये देशात असे ७७ लाख गिग कामगार होते. २०२९-३०पर्यंत ते २.३५ कोटी होतील. कर्नाटकानं २०२५च्या कायद्यात कामावरून काढण्याआधी लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस देण्याची तरतूद केली. मागणी साधी आहे, आणि ती प्रत्येक राज्यात मान्य व्हायला हवी. आयडी का ब्लॉक झाली हे विचारायला जिथे माणूसच नाही, तिथल्या लॉगिनच्या मुभेला स्वातंत्र्य म्हणू नये.