पाण्यातला पाषाण

पाणी तापवण्याच्या भांड्यात बसणारा पांढरा थर माझी आई लिंबाच्या रसाने घालवी. पण सगळेच थर इतके गरीब नसतात! उत्तर समुद्रातील मिलर तेलक्षेत्रात तेल विहिरीकडे लोटण्यासाठी खडकात समुद्राचे पाणी सोडीत. त्यातील सल्फेट आणि खडकातील पाण्यातले बेरियम एकत्र आले, की दोन नितळ पाण्यांच्या संगमातून पाषाण जन्माला येई. १९९० च्या दशकात तेथील एका विहिरीचे रोजचे ३०,००० पिंपांचे उत्पादन अवघ्या २४ तासांत शून्यावर आले. हा पाषाण आम्लालाही दाद देत नाही. म्हणून अभियंते स्फटिकांची वाढ रोखणारे द्रव्य आधीच खडकात मुरवतात. ते पुढे कित्येक महिने हळूहळू पाझरत राहते. मुलांनो, तुंबलेली वाट फोडण्यापेक्षा ती तुंबू न देणे, हेच खरे शहाणपण नव्हे काय?