अर्धवट ऊब

कोंबडी अंडं घालते तेव्हा त्यातला जीव जवळपास एका दिवसाचा झालेला असतो. फलित अंडं तिच्या पोटात, सुमारे ४१ अंशांच्या उबेत, तेवढा वेळ राहिलेलं असतं आणि बलकावरच्या पांढुरक्या ठिपक्यात हजारो पेशी तयार झालेल्या असतात. बाहेर गारवा लागला की ही वाढ थांबते. ठरावीक दिवसांत पुन्हा ऊब मिळाली की थांबली तिथून पुढे चालू होते. कुरिअरने अंडी मागवून घरच्या इन्क्युबेटरमध्ये पिल्लं काढण्याचा सगळा व्यवहार या थांबण्याच्या भरवशावर चालतो. म्हणून माझं म्हणणं असं, की छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात मार्च ते जून या काळात ही अंडी मागवूच नयेत. आणि एरवीही अंडी फुटली का, यापेक्षा वाटेत तापली का, याची काळजी आधी करावी.

आमच्या पिढीने या अंड्याचे तीन प्रवास पाहिले. पहिला शेजारपाजारचा. कोंबडी खुडूक बसली की चांगल्या जातीची अंडी ओळखीच्या घरातून आणायची आणि पिल्लं निघाली की त्यातली दोन-चार परत द्यायची. दुसरा सरकारी. पुण्यात खडकीला, नागपूरला, कोल्हापूरला आणि आपल्या इथे पशुसंवर्धन खात्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं झाली. गिरिराज, वनराज ही नावं खेड्यापाड्यांत माहीत झाली ती अशाच सरकारी योजनांमुळे. पण माल न्यायला माणसाला स्वतः जावं लागे. तिसरा प्रवास आताचा. मोबाइलवर फोटो बघून कडकनाथ किंवा असील पसंत करायचा, पैसे पाठवायचे आणि थर्माकोलच्या डब्याची वाट बघायची. दर टप्प्याला निवड वाढली आणि अंड्याला वाटेत जपणारं माणूस मात्र कमी होत गेलं.

डबा उघडला की बांधणाऱ्याची मेहनत दिसते. प्रत्येक अंडं फोममध्ये गुंडाळलेलं, निमुळतं टोक खाली, फटीत भुसा. हे सगळं कवचासाठी. धक्क्यांनी आतली हवेची पोकळी सुटते, टॉर्च धरली तर बुडबुडा इकडेतिकडे फिरताना दिसतो. पण त्यावर थोडा तरी इलाज आहे. बोथट टोक वर करून अंडी दिवसभर शांत ठेवली, तर पुष्कळदा काही सावरतात. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेवरही मशिनमध्ये पाण्याची वाटी ठेवता येते. तापण्याला इलाज नाही. साधारण २०-२१ अंशांच्या खाली वाढ थांबलेली राहते, मशिनमध्ये ३७.५ अंशांच्या आसपास ती नीट चालते. मधल्या ३०-३५ अंशांत ती धड थांबत नाही, धड चालत नाही. गर्भ वेडावाकडा वाढतो, अशक्त होतो, मरतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो, तेव्हा ट्रॅव्हल्सच्या डिकीत किंवा पत्र्याच्या गोदामात एक दुपार काढलेल्या डब्याचं काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको. थर्माकोलही गारवा तयार करत नाही, आत शिरलेली उष्णता उलट रात्रभर धरून ठेवतो.

यावर कोणी म्हणेल, खेड्यातली कोंबडी याच उन्हात दहा-बारा दिवस अंडी साठवते, तिची पिल्लं कशी निघतात? निघतात, पण उन्हाळ्यात कमीच निघतात, हे कोंबड्या पाळणाऱ्या कुठल्याही बाईला विचारावं. शिवाय ती अंडी मातीच्या घरात, धान्याच्या पाटीत, माजघराच्या सावलीत असतात आणि त्यांना हादरे बसत नाहीत. दुसरा आक्षेप विक्रेत्यांचा: अंडी फलितच होती, दोष गिऱ्हाइकाच्या मशिनचा. गिऱ्हाईक उलट म्हणतं, अंडी पोकळ निघाली. सातव्या दिवशी टॉर्चमध्ये रिकामं दिसलेलं अंडं फोडून पाहिलं, तर भांडणाचा बराचसा निकाल लागतो. अफलित असेल तर बलकावर बारीक, घट्ट पांढरा ठिपका असतो. सुरुवातीलाच मेलेल्या गर्भाचा डाग पसरट, सायीसारखा असतो आणि थोडा पुढे जाऊन मेला असेल तर रक्ताचं कडं दिसतं. असे डाग आणि कडी बरीच निघाली, तर अंडी पोकळ होती हे म्हणणं टिकत नाही. मशिनचं तापमान बरोबर असेल, तर मग मी आधी वाटेवर संशय घेईन.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: मग एकदिवसीय पिल्लंच का मागवू नयेत? पिल्लू बाहेर येण्याआधी उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर दोन-तीन दिवस दाणापाण्याशिवाय तगतं. याच भरवशावर अमेरिकेचं टपाल खातं १९१८पासून पिल्लं पोचवत आलं आहे. प्रवासाला अंड्यापेक्षा पिल्लूच जास्त तयार असतं, हे मान्य. ऊन त्यालाही सोसत नाही, हेही खरं. पण गच्चीवर दहा-बारा कोंबड्या पाळू पाहणाऱ्याला शंभराची पेटी घेऊन काय करायचं? अशांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, रात्रीच्या गाडीने, अंडी जरूर मागवावीत. जातीची आणि दराची चौकशी सगळेच करतात. अंडं कुठल्या तारखेचं, हे फार थोडे विचारतात. खरं तर ती तारीख कवचावर पेन्सिलने लिहूनच मागावी आणि आठवड्याहून जुनं अंडं घेऊ नये.